१९११चं कार्लाइल : हार्वर्डला हरवलं आणि पुढच्याच शनिवारी हरले, ते कसं?

भटकभवानी
गेल्या शनिवारी लेकाला आणि सासूबाईंना घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या जिम थॉर्प गावी जाऊन आलो. जर्सीतली निम्मी मराठी मंडळी ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला तिथेच असतात, पार्किंगमध्येच दोन ओळखीची घरं भेटली. आगगाडीची फेरी झाली, पेरूच्या फोडींचा डबा संपला. परतताना गावाबाहेर रस्त्याकडेला लालसर ग्रॅनाइटची समाधी दिसली, म्हणून थांबलो. वर गावाचंच नाव. सासूबाई म्हणाल्या, "गावाला माणसाचं नाव की माणसाला गावाचं?"

लेक हायस्कूलला आहे, फुटबॉलचं वेड आहे (आपला नव्हे, यांचा, हातात धरून पळायचा). त्याने तिथेच उभं राहून व्याख्यान दिलं. जिम थॉर्प हा पेनसिल्व्हेनियातल्याच कार्लाइल इंडियन स्कूलच्या टीमचा (इंडियन म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतले मूलनिवासी). १९११ साली ही टीम १२ सामने खेळली, ११ जिंकली. हार्वर्डला त्यांच्याच मैदानात १८–१५ हरवलं. आणि लगेच पुढच्या आठवड्यात सिरॅक्यूजकडून १२–११ हरली. अख्ख्या हंगामातली एकमेव हार, तीही एका गुणाने.

मी विचारलं, अरे मग त्या आठवड्यात झालं काय? म्हणाला, "आई, ओव्हरकॉन्फिडन्स." सोळा वर्षांच्या मुलाकडे प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर असतं, म्हणून इथे विचारतेय. कुणाला माहीत आहे?

निवांत_नाना
पहिला!
(फुटबॉलमधलं काही कळत नाही. पेरू कुठे मिळाले ते सांगा.)

भटकभवानी
नाना, एडिसनला. आता विषयावर या.

तिसरा_डाव
छान धागा. थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे आकडे वाचताना गोंधळ होणार नाही. आजचा खेळ डोळ्यांपुढे आणू नका. १९११ साली मैदान ११० यार्डांचं होतं. दहा यार्ड पुढे जायला चार नाही, तीनच डाउन (म्हणजे प्रयत्न) मिळायचे. तीन डाउनमध्ये दहा यार्ड सरकलात तर ठीक, नाहीतर चेंडू समोरच्याला. टचडाउनचे (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेण्याचे) सहा नव्हे, पाच गुण. त्यानंतरच्या किकचा एक. मैदानातून मारलेल्या गोलचे तीन. टचडाउन सहाचं, मैदान शंभर यार्डांचं आणि डाउन चार, हे सगळं १९१२पासूनचं.

हाताने पुढे फेकायचा पास १९०६ साली कायदेशीर झाला. त्याआधी नुसती माणसांची भिंत आणि रेटारेटी. खेळात इतकी मुलं दगावत होती की १९०५ साली खुद्द अध्यक्ष रूझवेल्टने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. कोलंबियाने खेळच बंद केला, स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया रग्बीकडे वळले. १९१०मध्ये मागून ढकलण्यावर आणि एकमेकांत हात गुंतवून धावण्यावर बंदी आली. म्हणजे १९११ हा जुना रेड्यांच्या टकरीचा खेळ संपून नवा खेळ सुरू होतानाचा हंगाम. अंगाने हलक्या पण चपळ मुलांचे दिवस आले होते, आणि कार्लाइलची मुलं नेमकी तशी होती.

जर्सीकाकू
माझा धाकटा पॉप वॉर्नर लीगमध्ये (लहान मुलांची फुटबॉल लीग) तीन वर्षं होता. दर शनिवारी पहाटे थर्मास घेऊन मैदानावर कुडकुडत बसायचे मी. ते पॉप वॉर्नर म्हणजे कार्लाइलचेच प्रशिक्षक ना?

तिसरा_डाव
हो काकू, तेच. ग्लेन वॉर्नर. आधी १८९९ ते १९०३ आणि मग १९०७ ते १९१४ कार्लाइलला. डोकं भन्नाट. १९०३ साली हार्वर्डविरुद्ध यांनी जर्सीला मागून इलॅस्टिक शिवून घेतलं होतं. किकऑफ झाल्यावर सगळे गोल करून उभे राहिले, चेंडू चार्ल्स डिलन नावाच्या मुलाच्या पाठीत जर्सीखाली खुपसला आणि सगळे दहा दिशांना पांगले. हार्वर्डवाले चेंडू शोधताहेत, डिलन टचडाउन करून मोकळा. तरी तो सामना हार्वर्डनेच १२–११ जिंकला.

चावडीवरचा_गण्या
=)) म्हणजे लपंडाव, लंगडी आणि खो-खो एकाच खेळात. आम्ही शाळेत रिंग टेनिसची रिंग शर्टात लपवली होती तर सरांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं. अमेरिकेत जन्मलो असतो तर नाव झालं असतं.

अनवट
तुमच्या गमती चालू द्या, पण कार्लाइल हे कॉलेज नव्हतं एवढं कुणीतरी लिहा. सरकारी निवासी शाळा होती ती. १८७९ साली रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने रिकाम्या बराकींत सुरू केली. देशभरातल्या मूलनिवासी जमातींतली मुलं आगगाडीत घालून आणायची, आल्याबरोबर केस कापायचे, गणवेश चढवायचा, नाव बदलायचं, आपली भाषा बोललं की शिक्षा. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवण, धुणं. उन्हाळ्यात गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला. मुलं आली तेव्हाचा एक फोटो आणि काही महिन्यांनी दुसरा, असे जोडफोटो काढून वाटायचे, "बघा, कशी माणसात आणली." प्रॅटचं ब्रीदच होतं, आतला इंडियन मारा आणि माणूस वाचवा.

त्यामुळे "कॉलेजचा हंगाम" वगैरे वाचलं की मला चमकायला होतं.

तिसरा_डाव
अनवट, शंभर टक्के मान्य. पण खेळायचे कॉलेजांविरुद्धच, आणि म्हणूनच तो हंगाम इतका विलक्षण. सुतारकाम शिकणारी मुलं हार्वर्डला हरवतात! १९११ची पूर्ण यादी देतो, जमली तर छापून ठेवा :

लेबनन व्हॅली ५३–०, म्यूलेनबर्ग ३२–०, डिकिन्सन १७–०, माउंट सेंट मेरीज ४६–५, जॉर्जटाउन २८–५, पिट्सबर्ग १७–०, लाफायेट १९–०, पेनसिल्व्हेनिया १६–०, हार्वर्ड १८–१५, मग सिरॅक्यूज ११–१२, जॉन्स हॉपकिन्स २९–६ आणि शेवटी ब्राउन १२–६.

एकूण २९८ गुण केले, ४९ दिले. त्या ४९पैकी २७ तर हार्वर्ड आणि सिरॅक्यूजनेच काढलेले. बाकी दहा सामन्यांत मिळून फक्त २२.

कोल्हापुरी_मिसळ
पण हार्वर्डने दुसऱ्या फळीची पोरं उतरवली होती म्हणे. मग कसलं कौतुक?

तिसरा_डाव
मिसळदादा, अर्धं खरं. हार्वर्डने त्या दिवशी सुरुवातीला राखीव मुलं घातली आणि खरे खेळाडू शेवटी उतरवले. पण राखीव का ठेवले? आदल्याच शनिवारी प्रिन्स्टनकडून ८–६ मार खाल्लेला आणि येलचा सामना पुढे होता. कार्लाइलला आपण अशीच हरवू, या हिशोबाने. शेवटी ताज्या दमाचे पहिले अकरा जण उतरले, तरी १८–१५च. दमलेल्या टीमवर ताजी टीम सोडून हरणं याला मी कौतुकच म्हणेन, फक्त ते कार्लाइलचं.

आता १८ची फोड बघा. चार मैदानी गोल, तीन-तीनचे, म्हणजे बारा. एक टचडाउन पाच, वर किक एक. बारा आणि सहा, अठरा. ते चारही गोल जिम थॉर्पने मारलेले, पायाला पट्ट्या गुंडाळून. त्यातला एक चाळीसहून जास्त यार्डांवरून. लाफायेटच्या सामन्यात तो दुखावला होता, त्यामुळे पेनसिल्व्हेनियाविरुद्ध खेळलाच नव्हता. थेट हार्वर्डला उतरला.

चावडीवरचा_गण्या
आमच्या गल्लीत पाय मुरगळला की पंधरा दिवस अंपायर करायची मुभा असते.

लेखणीबहाद्दर
१९११ म्हटलं की आपल्याला दुसरंच काही आठवतं. २९ जुलै १९११, कलकत्ता. मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ हरवून आयएफए शील्ड जिंकली, एक सोडून बाकी सगळे अनवाणी. आणि त्याच उन्हाळ्यात आपले पाळवणकर बाळू इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराहून जास्त बळी घेऊन आले. धाकटा भाऊ शिवराम त्याच टीममध्ये. एका वर्षात जगाच्या तीन कोपऱ्यांत साहेबाला त्याच्याच खेळात हरवायचं चाललं होतं. हे नुसतं योगायोगाने झालं असं मला नाही वाटत.

अनवट
लेखणीबहाद्दर, ओढून-ताणून जुळवू नका. मोहन बागान हे लोक आपल्या शहरात, आपल्या क्लबकडून, आपल्या माणसांसमोर खेळले. कलकत्त्यात लाखभर माणूस त्या विजयाने वेडं झालं असेल. कार्लाइलच्या मुलांचं कोण होतं स्टँडमध्ये? आईबाप ओक्लाहोमात, मोंटानात, डाकोटात. पेपरात दुसऱ्या दिवशी टॉमाहॉकचे आणि डोक्याची कातडी सोलण्याचे विनोद.

बाळूंची गोष्ट जास्त जवळची आहे, पण तीही उलटी. बाळूंना पुण्यात सामन्याच्या वेळी चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात द्यायचे. त्यांची लढाई आत घेण्यासाठी होती. त्यांचा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू टीमचा कप्तान झाला तेव्हा ती थोडी तरी जिंकली. कार्लाइलच्या मुलांना तर जबरदस्तीने आत ओढलेलं होतं. बाहेर राहायचं असेल तरी परवानगी नव्हती.

लेखणीबहाद्दर
पटलं. मातीच्या भांड्याचा मुद्दा माझ्या लक्षात असूनही मी नुसता विजय-विजय करत बसलो. "लाखभर वेडं" तेवढं तुमचं मात्र ओढून-ताणून आहे. :)

अनवट
ते मान्य. :)

मेकॅनिक्सबर्गकर
बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहावंसं वाटलं. मी कार्लाइलपासून वीस मिनिटांवर राहतो. बराकी अजून आहेत, आता तिथे लष्कराचं वॉर कॉलेज आहे. आत जायचं तर गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं. दोन वर्षांपूर्वी आईबाबा आले होते तेव्हा घेऊन गेलो. ज्या मैदानावर ही मुलं सराव करायची ते अजून आहे, इंडियन फील्ड म्हणतात.

पण आई थांबली ती कबरस्तानाशी. एकसारखे पांढरे दगड, सैनिकांचे असतात तसे रांगेत. पावणेदोनशेच्या वर. तिथे शिकायला आलेली मुलं, क्षयाने आणि इतर आजारांनी गेलेली. काही दगडांवर नाव आहे आणि पुढे जमातीचं नाव, काहींवर नुसतं "अनोळखी". २०१७पासून काही जमाती आपल्या मुलांचे अवशेष परत नेताहेत, त्यामुळे मधले काही दगड आता नाहीत, तिथे नवीन गवत लावलेलं दिसतं, बाजूच्या गवतापेक्षा हिरवं. आईने पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून एका दगडापाशी ठेवल्या. मी म्हटलं, आई, लष्कराची जागा आहे, बोलतील. म्हणाली, "बोलू देत." कुणी काही बोललं नाही.

डिसेंबर २०२४मध्ये त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

जर्सीकाकू
तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

निवांत_नाना
पेरूवाला प्रतिसाद मागे घेतो. बसून सगळं वाचतोय आता.

कोल्हापुरी_मिसळ
सगळं मान्य, वाईट वाटतंच. पण मग त्या पोरांना फुटबॉलमध्ये तरी सुख मिळालं असेल की नाही? का तेही नाही? मी स्वतः बोर्डिंगात वाढलोय. मेसचं जेवण असलं, की सांगू नका. पण कबड्डीच्या टीमला दूध-अंडी वेगळी मिळायची. त्या दुधासाठी मी चार वर्षं चढाया केल्या.

तिसरा_डाव
अगदी तेच होतं! कार्लाइलच्या खेळाडूंना राहायला वेगळी इमारत आणि जेवायला वेगळं टेबल. बाकी मुलांच्या ताटात नसायचं ते मांस, दूध, लोणी यांच्या ताटात. आगगाडीने शहरं बघायला मिळायची. पैशाचं गणितही त्यातच आहे. मोठ्या टीमबरोबरच्या सामन्याच्या तिकिटांतला वाटा शाळेच्या खेळखात्यात जायचा. त्या खात्यावर हुकूम वॉर्नरचा.

हे १९१४ साली फुटलं. थॉर्पबरोबर १९११ला क्वार्टरबॅक (मैदानात टीमचे डाव चालवणारा) असलेल्या गस वेल्चने पुढाकार घेतला, विद्यार्थ्यांनी सह्या करून तक्रार पाठवली, अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) समितीने येऊन चौकशी केली. वॉर्नरच्या शिव्या, मारहाण आणि पैशाचा वापर, सगळ्यावर मुलांनी साक्षी दिल्या. शाळेचे अधीक्षक गेले, वॉर्नर पिट्सबर्गला गेला आणि तिथे पुन्हा यशस्वी झाला. शाळा १९१८ला बंद पडली.

काकू, तुमच्या लीगचा राग धरू नका, नाव नंतर लागलेलं आहे.

जर्सीकाकू
राग कसला. पण थर्मास घेऊन बसले होते तेव्हा हे माहीत असतं, तर शेजारच्या बाईला सांगायला काहीतरी विषय मिळाला असता.

ढोलताशा
अवांतर : थॉर्पची पदकं परत मिळाली का शेवटी?

तिसरा_डाव
मिळाली. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन सुवर्णं. १९१३ला काढून घेतली, कारण १९०९ आणि १९१०च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनात थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. वॉर्नर म्हणाला, मला कल्पनाच नव्हती. १९८२मध्ये निर्णय फिरवला पण "संयुक्त विजेता" म्हणून. एकट्याचं नाव लागायला २०२२ उजाडलं. तो गेला १९५३ला.

आणि बघा, तो बेसबॉल खेळायला १९०९ला शाळा सोडून गेला होता. १९११ला परत आला. परत आला नसता तर हा हंगामच झाला नसता, आणि बेसबॉल खेळला नसता तर पदकं गेली नसती.

ढोलताशा
म्हणजे श्रीमंताचा पोरगा खेळला तर हौस, गरिबाचा खेळला तर धंदा. समजलं.

भटकभवानी
समाधीवर स्वीडनच्या राजाचं वाक्य कोरलंय, तुम्ही जगातले सर्वांत थोर खेळाडू आहात अशा अर्थाचं. ओक्लाहोमाची आणि स्टॉकहोमच्या स्टेडियमची माती आणून खाली घातली आहे. आणि गंमत (गंमत कसली) म्हणजे तो त्या गावचा नव्हताच. त्याच्या पत्नीने गावाशी करार केला, दोन गावं एक झाली, नाव बदललं, देह आणून पुरला. मुलांनी वडिलांना ओक्लाहोमात न्यायला कोर्टात दावा लावला, २०१५ साली सुप्रीम कोर्टाने ऐकायला नकार दिला. सासूबाई गाडीत बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मेल्यावरही बोर्डिंगातच ठेवलं."

पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. सिरॅक्यूज?

चावडीवरचा_गण्या
ओव्हरकॉन्फिडन्स. लेकाचं बरोबर आहे. (काकू, मारू नका.)

तिसरा_डाव
माझं मत सांगतो. आधी गुण. सिरॅक्यूजचे बारा म्हणजे दोन टचडाउन, दोन किक. कार्लाइलचे अकरा म्हणजे दोन टचडाउन, एक किक. आठवड्यापूर्वी हार्वर्डला लांबून चार-चार गोल मारणाऱ्या थॉर्पची जवळची साधी किक चुकली आणि हंगामावर डाग लागला.

आता ती का चुकली? तारखा लावून बघा. १४ ऑक्टोबर जॉर्जटाउन, वॉशिंग्टनला. २१ला पिट्सबर्ग. २८ला लाफायेट, ईस्टनला. ४ नोव्हेंबर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, फिलाडेल्फियाला. ११ला हार्वर्ड, मॅसॅच्युसेट्स. १८ला सिरॅक्यूज, न्यूयॉर्क राज्याच्या पार वर. २५ला जॉन्स हॉपकिन्स, बॉल्टिमोरला. ३०ला ब्राउन, ऱ्होड आयलंड. सलग आठ सामने, आठही दुसऱ्याच्या गावी. मोठ्या टीम कार्लाइलला कधी येतच नव्हत्या, तिथे तिकिटं किती खपणार? हार्वर्डनंतर थॉर्पच्या पायाला विश्रांती मिळाली ती सहा दिवस, त्यातले दोन-तीन आगगाडीत.

मेकॅनिक्सबर्गकर
आणि आठवडाभर अर्धा दिवस सुतारकाम.

तिसरा_डाव
खेळाडूंना हंगामात कामातून किती सवलत होती याची चर्चा करता येईल, पण मुद्दा पटला.

कोल्हापुरी_मिसळ
दादा, पाय दुखत असताना जवळची किक लांबच्यापेक्षा अवघड असते. लांबची मारताना अख्खं अंग झोकून देता येतं. जवळची फक्त पायाने नेमकी मारायची असते. कबड्डीत मोठी उडी मारून निसटणं सोपं, नुसतं बोट टेकवून परत येणं कठीण, तसं.

अनवट
धाग्यातलं सर्वांत उपयोगी वाक्य.

भटकभवानी
मिसळदादा, लेकाला वाचून दाखवलं. पाच मिनिटं गप्प होता, हा विक्रम आहे. मग विचारतोय, सिरॅक्यूजहून ते परत कुठे गेले? म्हणजे हरल्यावर घरी गेले का?

मेकॅनिक्सबर्गकर
घरी नाही. कार्लाइलला.